रोजच्या पाच साड्या

कपाटाचे दोन्ही दरवाजे उघडे टाकून शालन अर्धा तास झाला तशीच उभी होती. अंगात परकर-ब्लाऊज, खांद्यावर टॉवेल, ओल्या केसांचं पाणी पाठीवर ओघळतंय आणि समोर साड्यांचे चार कप्पे गच्च भरलेले. राजवाड्यापाशी मंडईत जाऊन मेथीची एक जुडी आणायची, एवढंच काम होतं. पण त्यासाठी काय नेसावं हे काही तिला सुचत नव्हतं.

"आई, पोहे गार झाले," म्हणत सून मयूरी आत आली आणि दारातच थांबली. "अजून तशाच? काय झालं?"

"काय नेसू गं?"

मयूरीला आधी हसू आलं. ती वाईची, बोलायला चटपटीत. पण सासूच्या चेहऱ्याकडे बघून तिनं ते हसू गिळलं, कारण शालन खरोखरच विचारत होती.

सव्वीस वर्षं शालनला हा प्रश्न पडलाच नव्हता. ती एसटीत कंडक्टर होती, सातारा आगारात. खाकी सलवार-कमीजचे तीन जोड होते. एक अंगात, एक दोरीवर आणि एक इस्त्री होऊन खुंटीला. सकाळी उठून हात लांब केला की हाताला लागेल ते खाकीच असायचं. बाकीच्या हजार गोष्टींनी तिचं डोकं उठायचं, पण आज काय घालू या विचारानं एकदाही नाही. एकतीस तारखेला ती निवृत्त झाली. बिल्ला जमा केला, तिकिटाचं मशीन जमा केलं, बॅग जमा केली. सत्कार झाला, भाषणं झाली आणि सत्कारात आणखी नऊ साड्या आल्या. पहिले दोन दिवस घरात गाऊनवर निघाले. आज तिसरा दिवस.

"मोबाइलवर एक बाई दाखवते बघा," मयूरी म्हणाली. "कपाटात मोजकेच कपडे ठेवायचे. साधे, रोजचे. सकाळी उठून विचारच करायचा नाही. मोठ्या लोकांत आता तीच फॅशन आहे म्हणे."

"म्हंजी खाकीच की," शालन म्हणाली.

त्या कपाटात सत्तर साड्या होत्या आणि त्यातली एकही शालननं स्वतः पसंत केलेली नव्हती. सगळा आहेर. कुणाचं लग्न, कुणाची वास्तुशांत, कुणाचं डोहाळजेवण. साडी आली की पदर लावून, ओटी भरून घ्यायची आणि घरी आल्यावर तिला टाचणीनं चिठ्ठी लावायची. वरच्या ओळीत कुणी दिली, खालच्या ओळीत प्रसंग, कोपऱ्यात साल. कारण त्या घरी कार्य निघालं की आपल्यालाही आहेर करायचा असतो, आणि नेमकी त्यांचीच साडी त्यांना परत जाऊ नये. शालनकडून एकदा ते झालं होतं. नणंदेच्या, बनुबाईंच्या, मुलीच्या लग्नात तिनं बनुबाईंचीच साडी बनुबाईंना नेसवली. बनुबाईंनी ती निमूट घेतली, भर मांडवात मिरवली आणि दोन वर्षांनी शालनच्या घरी कार्य निघालं तेव्हा तीच परत आणली. त्या साडीला आता दोन चिठ्ठ्या होत्या.

मेथी राहिली ती राहिलीच. शालन पलंगावर टेकली आणि तिला गुंडाचं बोलणं आठवलं.

गुंडा म्हणजे तिचा नवरा. साताऱ्यातल्याच करंजे भागात त्याचं शिवणकामाचं दुकान होतं आणि खाकी शिवावी तर गुंडा टेलरनं, असं पोलिसांपासून एसटीवाल्यांपर्यंत सगळे म्हणायचे. चार वर्षांपूर्वी पायाखाली मशीन चालू असतानाच तो छातीत कळ येऊन गेला. बायकोचे सगळे खाकी जोड त्यानंच शिवले होते, आणि प्रत्येक आहेराच्या साडीवरचा ब्लाऊजसुद्धा. माप कधी घेतलं नाही. ती म्हणायची, "आवं, टेप तरी लावा." तो म्हणायचा, "बायकोच्या मापाला टेप लागायला लागला तर टेलर कशाला झालो मी?"

त्यानंच एकदा हे कपाट बघून सांगितलं होतं. "शालन, तू रिटायर झालीस की हा पसारा दिऊन टाकायचा. मग सांगलीला जायचं, तुझ्याच गाडीतनं, तिकीट काढून. गणपती पेठेतनं पाच साड्या घ्यायच्या. तुझ्या पसंतीच्या. ब्लाऊज मी शिवीन."

"पाचच का?"

"सोमवार ते शुक्रवार."

"न शनिवार-रविवार?"

"तवा धुवायच्या."

दोघंही खूप हसले होते. पण शालननं ते बोलणं मनात जपून ठेवलं. साठीला आलेल्या बाईला स्वतःच्या पसंतीच्या पाच साड्या हव्याशा वाटाव्यात यात मोठं काही नाही. पण जन्मात आधी आईनं दिलेलं नेसली, मग सासूनं दिलेलं, मग सरकारनं, आणि सुट्टीच्या दिवशी पाहुण्यांनी. आपलं असं एक तरी, एवढीच तिची भूक होती. गुंडा गेला आणि त्या बेतातला ब्लाऊजचा भाग गेला. साड्यांचा भाग तिच्या हातात होता. तेवढा तरी पुरा करायचा, असं त्या दिवशी ओल्या केसांनी बसल्या बसल्या तिनं ठरवलं.

पुढच्या आठवड्यात मेढ्याहून बनुबाई आल्या. गुंडाची थोरली बहीण, सत्तरी उलटलेली, अंगानं शालनइतकीच, आवाजानं दुप्पट. शालनचा विचार ऐकून त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"येड लागलं का तुला? मानाच्या साड्या त्या. लोकांनी वटी भरून दिल्यात. त्या काय भांडंवालीला घालायच्या व्हय?"

"भांडंवालीला न्हाई वन्सं. तुमाला."

"मला?"

"यंदा तुमच्या भावकीत चार लग्नं हायत. आहेर लागंल की."

बनुबाईंनी कप परत उचलला. तत्त्वाची गोष्ट होती, पण चार लग्नंही होती. चहा संपेपर्यंत त्या पलंगावर सरकल्या होत्या आणि साड्यांचा पोत बोटांनी चाचपत होत्या. दुपारी जेवणाआधी सात गाठोडी बांधून झाली.

"चिठ्ठ्या तेवढ्या काढून ठेव," त्या म्हणाल्या. "कुणाचं काय आलंय त्ये इसरायचं न्हाई. न ती दोन चिठ्ठ्यांची कुठली?"

"ती तुमच्याच गाठोड्यात हाय."

"मग असू दे. ती घरची झाली आता."

साड्यांच्या घडीत खोचलेले गुंडाच्या हातचे ब्लाऊज शालननं बाजूला काढले, आणि साडीची चिठ्ठी त्या त्या साडीच्या ब्लाऊजला टाचून ठेवली. बनुबाईंनी त्यातले दोन-तीन अंगात घालून बघितले. आरशासमोर वळल्या, डावा खांदा हलवला, तोंड वाकडं केलं.

"ह्ये काय शिवलंय? ह्या खांद्याला करकचतंय, न गळा तिकडंच वढतोय." त्यांनी ब्लाऊज काढून घडी घातली आणि आवाज जरा खाली आणला. "शेवटाला हात हलाय लागला हुता गं माझ्या भावाचा. नजर गेली हुती."

शालननं ती घडी हातात घेतली. शेवटच्या काही वर्षांत गुंडानं दोनदा चष्मा बदलला होता हे खरं होतं. पण त्याच्या हाताबद्दल कुणी वाईट बोललेलं तिनं आजवर ऐकलं नव्हतं, आणि पहिल्यांदा ऐकलं ते त्याच्या सख्ख्या बहिणीच्या तोंडून. तिनं ब्लाऊजांचं गाठोडं बांधलं आणि पलंगाखाली सरकवलं. पुढंमागं त्यांची एक वाकळ शिवायची.

लष्करात असलेल्या मुलाचा, ऋषिराजचा, संध्याकाळी पठाणकोटहून फोन आला. कपाट रिकामं झाल्याचं ऐकून तो म्हणाला, "बेस्ट केलंस आई. आमचं सगळं एका ट्रंकेत मावतंय. त्यावर माणूस मजेत जगतो."

मग एका मंगळवारी शालन सांगलीला निघाली. अंगात सत्कारातली एक साडी, तेवढी ती या प्रवासापुरती मागं ठेवली होती, मग मयूरीला द्यायची होती, आणि ब्लाऊज गुंडाच्या हातचा. आगारात ओळखीचे चेहरे भेटले. तिनं खिडकीची जागा धरली. ही जागा तिनं सव्वीस वर्षं दुसऱ्यांना दिली होती. गाडी हलली तसा तिचा हात आपोआप वर गेला, घंटीच्या दोरीकडे, आणि मग केसांवरून फिरून खाली आला. नवीन कंडक्टर मुलगी तिकिटाला आली. "मावशी, कुठं?" "सांगली. एक हाफ." हे शब्द तिनं हजारो बायकांच्या तोंडून ऐकले होते. स्वतःच्या तोंडून ऐकताना ते जरा परके वाटले.

उंब्रज गेलं, कराड गेलं. डिसेंबरचं ऊन काचेतून मांडीवर येऊन बसलं होतं. शालनचे डोळे मिटत होते, पण कुठला थांबा आला ते गाडीच्या वळण्यावरून कळत होतं. झोप आणि जाग यांच्या मधल्या त्या पट्ट्यात तिच्या गाडीत चढलेल्या सगळ्या बायका एकेक करून परत चढू लागल्या. वाठारला चढणारी दूधवाली, तिची साडी हिरवी, गुडघ्यापर्यंत ओली. पेठ नाक्यावरची शाळेतली बाई, तिची रोज नवी. माहेरहून निघालेल्या, डोळे सुजलेल्या, जरीच्या. आणि एकदा, फार वर्षांपूर्वी, आष्ट्याला चढलेली ती बाई. कोण कुठली ठाऊक नाही. साधी सुती साडी, काठ नाही म्हटलं तरी चालेल. पण तिचा रंग असा होता की शालन तिकीट फाडायची थांबली. निळा नव्हता, राखाडीही नव्हता. नदीवर सकाळी धुकं विरताना पाण्याला क्षणभर येतो तसला काहीतरी. बाई मिरजेला जाणारी होती, सांगलीत उतरून गर्दीत दिसेनाशी झाली.

शालननं घरी येऊन तो रंग गुंडाला सांगितला होता. त्याला तो कळला नाही. मग त्याला नादच लागला. दुकानातल्या कापडाच्या चिंध्या तो संध्याकाळी खिशात घालून आणायचा आणि दिव्याखाली धरायचा. "ह्यो?" ती म्हणायची, "न्हाई." "मग ह्यो?" "जरा फिका." कित्येक वर्षं हा खेळ चालला. कुठल्याही चिंधीला ती हो म्हणाली नाही, आणि त्यानंही कधी कंटाळा केला नाही.

सांगलीत गणपती पेठेतल्या एका जुन्या दुकानात ती शिरली. गादीवर विष्णुपंत म्हणून एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ बसले होते. त्यांनी पाणी मागवलं आणि विचारलं, "आहेराला द्यायच्या का ताई? म्हणजे त्या हिशेबानं दाखवतो."

"न्हाई. मला नेसायच्या हायत."

"कार्य आहे का काही?"

"काय न्हाई. रोजच्या."

विष्णुपंतांनी चष्म्यातून तिच्याकडे नीट बघितलं. "बरं झालं," ते म्हणाले. "बायका रोजच्यासाठी म्हणून साडी घ्यायला येतच नाहीत हल्ली. कार्याची जुनी झाली की ती रोजची." आणि त्यांनी मागच्या कपाटातून सुती थप्पी काढायला सांगितली.

घड्या उलगडत गेल्या. एकावर एक रंग पसरले. शालननं आष्ट्याच्या बाईचा रंग आठवून बघितला, डोळे मिटून बघितला. आणि तिला कळलं की तो रंग आता तिला आठवत नाही. आठवत होता तो दिव्याखाली चिंधी धरलेला गुंडाचा हात, अंगठ्यावरचं सुईचं काळं टोचण, आणि "मग ह्यो?" म्हणतानाची त्याची खालून वर बघायची तऱ्हा. तिनं पदराचं टोक डोळ्यांना लावलं. विष्णुपंतांनी दुसरीकडे बघितलं आणि पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला.

मग तिनं फार विचार न करता पाच बाजूला काढल्या. एक राखी निळी. एक चिंचेच्या कोवळ्या पाल्यासारखी. एक विटकरी, एक साधी पांढरट, बारीक काळ्या काठाची. पाचवी तिनं पोतावरून निवडली आणि उजेडात नेल्यावर बघितलं तर ती जवळजवळ खाकी निघाली. शालन स्वतःशीच हसली. ती बदलावी असं तिला वाटलं नाही.

ब्लाऊज शिवायला गुंडाच्या बंद दुकानापासून दोन दारं सोडून राजेश्वरीकडे दिले. तिशीतली मुलगी, शिकून आलेली, दुकानात मोठा आरसा. आपल्याकडे बायकांना टेपपेक्षा मापाच्या ब्लाऊजाचा भरवसा जास्त. चांगला बसणारा जुना ब्लाऊज द्यायचा, त्यावरून नवे. शालननं गुंडानं शिवलेला सगळ्यात शेवटचा ब्लाऊज मापाला दिला. "अगदी अस्साच कर बाई," म्हणाली. "काही काळजी करू नका काकू," राजेश्वरी म्हणाली.

आठ दिवसांनी पाच ब्लाऊज आले. शिवण सुबक, हूक नीट, आतून अस्तर. सकाळी शालननं राखी निळी साडी बाहेर काढली, ब्लाऊज घातला, आणि डावी बाही खांद्यावरून घसरली. तिनं वर ओढली. परत घसरली. गळा एका अंगाला फुगत होता, पाठीवर तिरकी चुणी पडत होती. दुसरा घातला, तेच. तिसरा, चौथा, पाचवा. तेच.

ती पलंगावर बसली. आरशात दिसणारी बाई तिला आवडली नाही. लोकांनी दिलेलं सव्वीस वर्षं अंगावर बिनबोभाट बसलं, आणि आपण हौसेनं आणलेलं तेवढं उतरून पडतंय. आपल्या नशिबात पसंतीचं नेसणं लिहिलेलंच नसावं, असं तिला वाटलं, आणि असं वाटून घेतल्याबद्दल स्वतःचा रागही आला. मयूरी म्हणाली, "टाके घालून घेऊ." शालन म्हणाली, "ऱ्हाऊ दे." कपाटात आता पाच साड्या होत्या आणि त्यातली एकही तिला नेसता येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिनं ट्रंक उघडली. खाकी कमीज अंगात घातला. तो बसला, कुठं ओढलं नाही, कुठं घसरलं नाही. ती तशीच पिशवी घेऊन मंडईला निघाली. कोपऱ्यावर रिक्षावाला आप्पासो म्हणाला, "आवं मॅडम, परत हजर झाला का काय?" ती कसंबसं हसली. रिटायर होऊन महिना उलटला आणि आपण वर्दी घालून मेथी आणायला निघालो. खाली बघून ती भराभर चालू लागली.

"काकू, थांबा." राजेश्वरी दुकानाच्या पायरीवरून हाक मारत होती. "जरा पाठ करा इकडं."

शालन थांबली. राजेश्वरी खाली उतरून तिच्या मागं उभी राहिली. मग तिनं कमीजच्या खांद्यावरून बोट फिरवलं, आधी उजव्या, मग डाव्या.

"हे कुणी शिवलं?"

"आमच्या मालकांनी."

"आत या."

तिनं शालनला आरशासमोर उभं केलं आणि मानेपासून दोन्ही बाजूंना टेप लावला. एकदा, मग परत एकदा. "काकू, तुमचा डावा खांदा उजव्यापेक्षा सव्वा इंच खाली आहे. तुम्हाला माहीत नव्हतं?"

"न्हाई," शालन म्हणाली. तिनं आरशात बघितलं. खाकीत कुठं चुणी नव्हती, म्हणून खांदे सरळच वाटत होते. राजेश्वरीनं तिचा कमीज चिमटीत धरून खांद्यापासून वर उचलला, आणि आतला खांदा दिसला, ओझ्याखाली वाकलेल्या फांदीसारखा. याच खांद्याला चामडी बॅग असायची. सातारा ते सांगली, सांगली ते सातारा, बॅगेत दिवसभराची चिल्लर, आणि उजवा हात तिकिटाला मोकळा.

राजेश्वरीचा चेहरा उतरला होता. "चूक माझी आहे. मापाच्या ब्लाऊजाचा डावा खांदा खाली कापलेला होता. मला वाटलं, जुना हात, चुकला असेल. म्हणून मी दोन्ही सारखे केले. तुमचं एकदा माप घेतलं असतं तर कळलं असतं."

शालन मंडईत गेलीच नाही. तिनं राजेश्वरीचा हात धरला आणि तिला घरी आणलं. पलंगाखालचं गाठोडं ओढलं, मयूरीला हाक मारली. चिठ्ठ्यांवरची सालं बघत तिघींनी ते ब्लाऊज फरशीवर ओळीनं मांडले, भिंतीपासून दारापर्यंत. मग राजेश्वरी एकेक उचलून मधोमध दुमडायला लागली, खांद्यावर खांदा.

नोकरीच्या पहिल्या वर्षातला. चुलत दिराचं लग्न. दोन्ही खांदे तंतोतंत जुळले. त्याच्या पुढचाही जुळला. तीन वर्षांनंतरचा, कुणाची तरी वास्तुशांत, आणि एक दोऱ्याएवढा फरक. मग पाव इंच. मग अर्धा. एका वर्षात चार आहेर आले होते, त्या चारही ब्लाऊजांचा फरक एकसारखा. कुठंच उडी नव्हती. जसजसा खांदा उतरला तसतशी कात्री उतरली होती. शेवटचा, मापाला दिलेला, त्याच्या जाण्याआधी दोन महिन्यांचा, सव्वा इंच.

बाहेरून भंगारवाल्याची आरोळी येत होती. शालन त्या ओळीच्या टोकाला खाली बसली. तिला वाटलं, आपण गाडीत उभ्या आहोत, चिल्लर खुळखुळतेय, उंब्रज, कराड, पेठ, आष्टा, आणि प्रत्येक थांब्यावर हा माणूस खाली उभा राहून आपल्या खांद्याकडे बघतोय. टेप न लावता. सव्वीसातली बावीस वर्षं. आरशालासुद्धा त्यानं कळू दिलं नाही.

"बाबांनी तुम्हाला सांगितलं का नाही?" मयूरीनं हळूच विचारलं.

"सांगितलं असतं तर मी तवापास्नं वाकडी चालली असती," शालन म्हणाली, आणि मग तिला रडू आलं. तिनं ते आवरलं नाही. मयूरी तिच्या पाठीवर हात फिरवत राहिली, डाव्या खांद्यावर जरा जास्तच.

जाताना राजेश्वरीनं पाचही ब्लाऊज उसवायला बरोबर घेतले. दारात थांबून म्हणाली, "काकू, एक करता येईल. डाव्या बाजूला आतून बारीक पॅड घालते. वरून दोन्ही खांदे सारखे दिसतील."

"नगं," शालन म्हणाली. "त्यांनी कापलंय तसंच काप."

त्या संध्याकाळी तिनं मेढ्याला फोन लावला. बनुबाई लग्नाच्या गडबडीत होत्या, मागं जात्यावरच्या ओव्या आणि बांगड्यांचा आवाज येत होता.

"वन्सं, त्यांचा हात हालत नव्हता."

"काय म्हणतीस?"

शालननं सगळं सांगितलं. पलीकडे ओव्या चालूच होत्या. मग बनुबाई म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस बाई. मी उगं बोलले त्याला." आणि थोड्या वेळानं, "तवा तुझा खांदा दुखत नव्हता का गं?"

"दुखत हुतं की. पण सगळ्यांचंच दुखतंय म्हनलं."

शुक्रवारी सकाळी शालन लवकर उठली. न्हाऊन आली. कपाट उघडलं, तर चार कप्प्यांपैकी तीन रिकामे, चौथ्यात पाच घड्या. तिनं राखी निळी काढली. ब्लाऊज अंगात घातला आणि हात वरखाली करून बघितला. बाही जिथल्या तिथं राहिली. गळा जागच्या जागी होता. निऱ्या घातल्या, पदर घेतला, आणि कितीतरी दिवसांनी ती आरशासमोर विनाकारण उभी राहिली.

मग तिला काहीतरी आठवलं. मापाला दिलेला ब्लाऊज, गुंडाच्या हातचा शेवटचा, तिनं कप्प्याच्या कोपऱ्यात ठेवला. त्याची साडी बनुबाईंकडे गेली होती, आणि मापाला देताना तिनं चिठ्ठी काढली होती. आता ती जुनी चिठ्ठी परत लावावीशी वाटेना. तिनं वहीतलं पान फाडलं आणि पेन घेतलं. वरच्या ओळीत तिनं लिहिलं, गुंडा टेलर, करंजे. उखाण्याव्यतिरिक्त तिनं त्याचं नाव आजवर तोंडानं घेतलं नव्हतं, आणि लिहिलं तर कधीच नव्हतं.

खालची ओळ प्रसंगाची. शालन पेन धरून थांबली. लग्न नव्हतं, बारसं नव्हतं, वास्तुशांत नव्हती. असं कुठलंच कार्य तिला आठवेना.

"आई, चहा झाला," मयूरीनं बाहेरून हाक मारली.

"आले," ती म्हणाली. खालच्या ओळीत तिनं लिहिलं, रोज. चिठ्ठी ब्लाऊजाला टाचली, कपाट लावलं आणि पिशवी घेऊन मेथी आणायला निघाली.